दौलू कलादालनात शिकतो

काजरवाडी गावात दौलू नावाचा एक भोळा गडी होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण काजरवाडीकरांना आपल्या भोळ्याचा भारी अभिमान होता. आईने एकदा सांगितलं, "दौलू, चुलीवर दूध ठेवलंय, लक्ष ठेव." दौलूने चुलीसमोर पाट मांडला आणि लक्ष ठेवलं. दूध वर आलं, काठाला आलं, उतू गेलं, चूल विझली. आई धावत आली.

"अरं मेल्या, लक्ष ठेव म्हटलं हुतं नव्हं?"

"ठेवलं की," दौलू म्हणाला. "पयल्यापास्नं शेवटापतूर सगळं बघितलंय. काय काय झालं, इचार."

अशा या दौलूवर हौसाचा जीव जडला. हौसा म्हणजे सुभेदार रावजी मगदुमांची एकुलती एक लेक, बारावी पास, डोक्याने तल्लख. तिने एकदा विहिरीवर दौलूला म्हटलं, "जरा थांबा हं, आले." आणि घरी पाहुणे आले म्हणून ती विसरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला गेली तर दौलू तिथेच उभा. सगळा गाव हसला. हौसा नाही हसली. तिने घरी जाऊन सांगितलं, लग्न करीन तर याच्याशीच.

सुभेदारांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली होती. तुळतुळीत टक्कल, ताठ कणा, वर वळवलेल्या मिशा. त्यांनी दौलूच्या वडिलांना बोलावून एकच प्रश्न विचारला, "मुलगा काय करतो?"

वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. 

"तीन महिने देतो," सुभेदार म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा इचारीन. उत्तर एका वाक्यात पायजे. न्हाई मिळालं, तर गडहिंग्लजच्या कंपाउंडरचं स्थळ पक्कं समजा."

कंपाउंडर काय करतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. हौसा त्या दिवशी जेवली नाही.

आता दौलूची एक मावशी कोल्हापुरात कुमुदिनी इंगवले नावाच्या बाईंकडे स्वयंपाकाला होती. बाईंचं स्वतःचं कलादालन होतं. कलादालन म्हणजे चित्रं टांगायची जागा. लोक येतात, हात पाठीमागे बांधून बघतात, मान तिरकी करतात, "वा" म्हणतात आणि जातात. मावशीने बाईंच्या कानावर भाच्याची अडचण घातली. बाई मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पाठवून दे. इंटर्न म्हणून ठेवते. इथली सगळी कामं करून बघू दे. एवढ्या कामांतलं एखादं त्याचं निघेलच."

दौलू शहरात आला. येताना त्याने दोनशे पानी वही घेतली. शिकायला चाललोय तर लिहून घ्यायला नको? त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एक चूक त्याने आयुष्यात कधी दुसऱ्यांदा केली नाही. दर वेळी नवी केली.

पहिल्या दिवशी इंगवले मॅडम म्हणाल्या, "दौलू, सकाळी लोक यायच्या आत हॉल लख्ख पाहिजे. कचऱ्याची काडी दिसता कामा नये."

दौलू पहाटेच उठला. बघतो तर हॉलच्या मधोमध उसाचं पाचट पडलेलं, त्यावर एक तुटकी चप्पल, शेजारी तीन फुटक्या विटा. शहरातली माणसं घाणेरडी, असं मनाशी म्हणत त्याने सगळं गोळा केलं. पाचट वाळलेलं होतं, फेकून द्यायला त्याचा जीव झाला नाही. मागच्या अंगणात त्याने त्याच तीन विटांची चूल मांडली, पाचट पेटवलं आणि मॅडमसाठी चहा केला.

मॅडम आल्या. चहा प्यायल्या. "वा, दौलू! चुलीवरचा चहा किती वर्षांनी प्यायले!" म्हणाल्या, आणि कप हातात धरून हॉलमध्ये गेल्या.

त्या पाचटाचं नाव होतं 'स्थलांतर'. बडोद्याला शिकून आलेल्या एका तरुणाने ते चार महिने खपून मांडलं होतं.

"दौलू! हे काय केलंस?"

"तुमीच सांगितलं हुतं की. काडी दिसता कामा न्हाई."

"अरे, ते कचऱ्याला! कलाकृतीला नव्हे!" मॅडमनी कपाळाला हात लावला. कप दुसऱ्या हातात होता म्हणून वाचला. "नीट ऐक. इथं जमिनीवर काहीही पडलेलं दिसलं, तर हात लावायचा नाही. भोवती दोरी बांधायची, लोकांना लांब उभं करायचं, आणि शेजारी चिठ्ठी लावायची. नाव काय, कशाचं बनवलंय, साल कोणतं. कळलं?"

"कळलं," म्हणत दौलूने वहीत लिहून घेतलं. आणि झाडलोट हे काही आपलं काम नव्हे, असं मागच्या पानावर मांडून ठेवलं.

मॅडमनी त्याला राखणीला बसवलं. आठवडाभर काही पडलं नाही. दौलू रोज वाट बघायचा. मग एका दुपारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर प्रदर्शन बघायला आले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मास्तरांचा एकादशीचा उपास होता. एका मोठ्या चित्रापुढे ते उभे राहिले, "अहाहा" म्हणाले आणि धाडकन खाली पडले.

दौलूने हात लावला नाही. त्याने चटकन दोरी आणली, चार खुर्च्या मांडून भोवती बांधली, आणि जाड कागदावर झोकदार अक्षरात चिठ्ठी लिहिली:

'पडलेले मास्तर. माध्यम: माणूस, धोतर, चष्मा. साल: औंदाचं.'

थोड्या वेळाने कॉलेजचे एक प्राध्यापक पोरांना घेऊन आले. दोरीभोवती गर्दी झाली.

"बघा," प्राध्यापक म्हणाले, "शिक्षणव्यवस्था कशी कोसळली आहे, हे किती थेट दाखवलंय!"

पोरांनी लिहून घेतलं.

"सर, पोट हलतंय," एक मुलगी म्हणाली.

"तेच तर कौशल्य आहे."

तेवढ्यात मास्तर कण्हले. "पाणी..." म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या आणि दोरीवरून उडी मारून आत गेल्या. साडीत उडी मारणं सोपं नसतं, पण वेळच तशी होती.

मास्तर लिंबूसरबत पिऊन सावरले तेव्हा मॅडम दौलूकडे वळल्या.

"दौलू! हे काय केलंस?"

"तुमीच सांगितलं हुतं की. हात लावायचा न्हाई, दोरी बांधायची."

"अरे, ते पाचटाला! माणसाला नव्हे! माणूस असा आडवा पडलेला दिसला, डोळे मिटलेले असले, तर तोंडावर पाणी मारायचं! कांदा फोडून नाकाशी धरायचा! आणि शुद्धीवर आला की धरून उभं करायचं!"

दौलूने वहीत लिहून घेतलं. राखणदारीही आपली नव्हे, हे मागच्या पानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून तो सदऱ्याच्या खिशात एक कांदा ठेवू लागला.

मॅडमनी विचार केला, याला माणसांपासून लांब ठेवावं. चित्रं टांगायला द्यावीत. चित्रं काही मूर्च्छा येऊन पडत नाहीत.

पुढच्या प्रदर्शनात जलरंगातली चित्रं होती. एक चित्र भलं मोठं, अजून काच बसवायची राहिलेलं, टेबलावर ठेवलेलं. 'दुपारची झोप' हे त्याचं नाव. बाजेवर एक बाई उताणी झोपली आहे, केस मोकळे, हात खाली लोंबतोय. चित्रकार मोठा होता. बाई तर इतकी हुबेहूब होती की तिच्या अंगावरून माशी हाकलावीशी वाटे.

दौलूने सोमवारी बघितलं, बाई पडलेली. मंगळवारी बघितलं, बाई पडलेलीच.  एवढी माणसं येतात-जातात, कुणाला काही माया आहे की नाही? त्याने तांब्या भरून आणला आणि बाईच्या तोंडावर सपकन पाणी मारलं. उठली नाही. दुसरा तांब्या मारला. खिशातला कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरला. आणि काय सांगावं, बाईच्या डोळ्यांतून काळं पाणी वाहायला लागलं! ते गालावरून हनुवटीवर आलं, हनुवटीवरून बाजेवर. दौलूला एवढा आनंद झाला! त्याने लगेच चित्र उभं करून भिंतीला टेकवलं, तशी बाई सगळीच्या सगळी ओघळत खाली आली.

"मॅडम! मॅडम! शुद्धीवर आली! रडतीया, पर आली!"

मॅडम आल्या. त्याही रडल्या.

"दौलू... हे काय केलंस?"

"तुमीच सांगितलं हुतं की. आडवं पडलेलं, डोळं मिटलेलं..."

"अरे, ते जिवंत माणसाला! चित्राला नव्हे!" मॅडमचा आवाज चिरकला. "चित्राला पाणी म्हणजे विष! ओलावा दिसला की आधी तिथून हलवायचं, पंख्याखाली ठेवायचं, उन्हात ठेवायचं, खडखडीत वाळवायचं! इथली कुठलीही वस्तू ओली राहता कामा नये!"

दौलूने वहीत लिहून घेतलं. 'ओली' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

दोन महिने संपले होते. मागच्या पानावर खोडलेल्या कामांची रांग लागली होती. झाडू नव्हे, राखण नव्हे, टांगणं नव्हे. संध्याकाळी मागच्या अंगणात बसून दौलू ते पान वाचायचा आणि त्याला हौसा आठवायची. त्याला कंपाउंडरचा राग येत नव्हता. राग कसा करायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण छातीत काहीतरी दुखायचं, आणि त्यावर काय करायचं हे वहीत कुठेच नव्हतं.

कलादालनाच्या मागे एक शेड होती. तिथे निवास सुतार नावाचे शिल्पकार काम करत. मॅडमनी दौलूला त्यांच्या हवाली केलं. "याला तेवढी मातीची कामं शिकवा," म्हणाल्या, आणि डोकं दाबत निघून गेल्या.

सुतारांनी एका दूध संघाच्या दिवंगत चेअरमनांचं डोकं मातीत घडवलं होतं. पुतळा ओतून होईपर्यंत अशी माती ओली ठेवावी लागते. म्हणून ते डोकं उंच स्टुलावर ठेवून ओल्या गोणपाटात गुंडाळलं होतं. सुतार दुपारी जेवायला गेले. "बघत राहा रे," एवढंच म्हणाले.

दौलूने बघितलं. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.  त्याने गोणपाट सोडून लांब भिरकावलं, स्टूल उचलून गच्चीवर नेलं आणि चेअरमनांना भर उन्हात ठेवलं. वर टेबलफॅन लावला. दोन तासांत चेअरमन खडखडीत वाळले. आधी कपाळाला भेग पडली, मग गालांना. मग उजवा कान सुटला. शेवटी नाक टपकन दौलूच्या ओंजळीत पडलं.

तो ते घेऊन सुतारांकडे गेला. "वाळलं," म्हणाला. "नाक जरा लवकर वाळलं."

सुतार मटकन खाली बसले. मॅडम धावत आल्या.

"दौलू! हे काय केलंस?"

"तुमीच सांगितलं हुतं की. कुठली वस्तू ओली..."

"अरे, ते चित्राला! डोक्याला नव्हे!"

यावेळी सुतारांनीच शिकवलं, दात-ओठ खात शिकवलं. "हे बघ बाबा. स्टुलावर माणसाचं डोकं दिसलं, की गोणपाट चिंब भिजवायचं आणि गच्च गुंडाळायचं. थोड्या थोड्या वेळानं वरनं पाणी शिंपडायचं. कोरडं पडू द्यायचं नाही. आणि नाकबीक वाकडं दिसलं, तर अंगठ्यानं दाबून सरळ करायचं. दाबायचं म्हणजे जोर लावून. माती लाजत नाही."

दौलूने वहीत लिहून घेतलं.

तिसरा महिना दौलूने शेडबाहेर माती मळण्यात घालवला. माती त्याने छान मळली, कारण त्यात दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. आणि मग तो दिवस उजाडला. योगायोग असा, की त्याच दिवशी एका मोठ्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. हॉलमध्ये लगबग होती. फुलं आली होती, समया आल्या होत्या, मुंबईहून एक नामांकित समीक्षक आले होते. खांद्याला झोळी, पांढरी दाढी, बोलायच्या आधी डोळे मिटायची सवय.

आणि काजरवाडीहून पहिल्या एसटीने सुभेदार आले होते, हौसाला घेऊन. हौसाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. मॅडम तिला चित्रं दाखवायला आत घेऊन गेल्या. सुभेदार म्हणाले, "आमी हितंच बसतो." कोपऱ्यात एक उंच स्टूल होतं. त्यावर ते बसले, कणा ताठ, हात गुडघ्यांवर. प्रवास लांबचा झाला होता. पाच मिनिटांत त्यांना तशीच डुलकी लागली. फौजी माणूस, झोपेतही हलायचा नाही. गळ्यापासून खाली त्यांनी करडी शाल पांघरली होती.

दौलू मागच्या दाराने आत आला आणि जागच्या जागी थबकला.

"आरं तिच्या! निवासरावांनी आमच्या सुभेदारांचं डोकं केलंय!" त्याला भरून आलं. आपल्या परीक्षेच्या दिवशी आपल्या सासऱ्यांचा पुतळा! केवढी माया माणसांची! त्याने जवळ जाऊन पाहिलं. टक्कल जमलं होतं. मिशा जमल्या होत्या. पण मातीला ओलाव्याचा पत्ताच नव्हता. दौलूच्या डोळ्यांपुढे चेअरमनांचं नाक उभं राहिलं.

त्याने धावत जाऊन गोणपाट हौदात बुडवलं, चिंब भिजवलं आणि सुभेदारांच्या डोक्याला टक्कलापासून हनुवटीपर्यंत गच्च गुंडाळलं. वरून एक बादली ओतली. नाकाच्या जागी एक उंचवटा राहिला होता, तो जरा डावीकडे झुकलेला वाटला. दौलूने दोन्ही अंगठे लावले आणि जोर करून दाबला.

गोणपाटाच्या आतून अठ्ठावीस वर्षांची फौज गरजली.

सगळा हॉल धावत आला. सुभेदार स्टुलावरून उठले होते, गोणपाट काही सुटत नव्हतं आणि ते वाटेल त्या दिशेला सलाम ठोकल्यासारखे हात मारत होते. दौलू त्यांच्याभोवती बादली घेऊन फिरत होता आणि म्हणत होता, "हलू नगासा, भेग पडंल!"

हौसाने पुढे होऊन गोणपाट सोडलं. आतून लालबुंद नाक आणि दोन ओल्या, खाली लोंबणाऱ्या मिशा निघाल्या.

मॅडम पुढे झाल्या. त्यांच्यात ओरडायचंही बळ राहिलं नव्हतं. "दौलू... हे काय केलंस?"

"सुतारांनीच सांगितलं हुतं की. स्टुलावर डोकं दिसलं..."

"अरे, ते मातीच्या डोक्याला! हा जिवंत माणूस आहे!" मॅडम त्याच्या कानाशी कुजबुजल्या, "जिवंत माणसाचा असा अपमान झाला, तर हात जोडायचे. 'चुकलो, हे माझं काम नव्हे' म्हणायचं. आणि अदबीनं दारापर्यंत सोडून यायचं. एवढं तरी कर रे बाबा!"

दौलूने बादली खाली ठेवली आणि वहीत लिहून घेतलं.

सुभेदार काही बोलणार, इतक्यात मुंबईचे समीक्षक गर्दीतून पुढे आले. त्यांनी डोळे मिटले होते आणि दाढी थरथरत होती.

"विलक्षण!" ते म्हणाले. "सैनिकाचं मस्तक. ओलं गोणपाट. घुसमट. आणि तो नाकावरचा आघात! वीस वर्षांत मी असं काही पाहिलेलं नाही. हे काम कुणाचं?"

सगळे दौलूकडे बघू लागले.

"तरुण मित्रा, तू माझ्याबरोबर मुंबईला चल. आजपासून लोक तुला कलावंत म्हणून ओळखतील!"

सुभेदारांनी कान टवकारले. नाक चोळायचं थांबवून त्यांनी विचारलं, "कलावंत? पेपरात नाव येतंय व्हय ह्याचं?"

"पहिल्या पानावर."

"मुलगा कलावंत हाय," सुभेदारांनी पुटपुटून पाहिलं. एका वाक्यात बसत होतं. त्यांच्या मिशा जरा वर आल्या. हौसाने श्वास रोखला. मॅडमनी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. दौलूने आता फक्त 'हो' म्हणायचं होतं.

दौलूने समीक्षकांना खालीवर न्याहाळलं. माणूस जिवंत होता, यात शंका नव्हती. त्याने दोन्ही हात जोडले.

"चुकलो. हे माझं काम नव्हे," तो म्हणाला, आणि समीक्षकांचं कोपर धरून अदबीने त्यांना दारापर्यंत सोडून आला.

परत आला तर समोर प्राध्यापक उभे. तेही जिवंत. "चुकलो. हे माझं काम नव्हे." दारापर्यंत. मग उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे, हातात फीत कापायची कात्री धरलेले. मग चित्रकार, त्यांची बायको, फुलवाला, फुलवाली, निवास सुतार. मग सुभेदार. मग खुद्द मॅडम. हौसा आपली आपणच चालत बाहेर गेली, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. आत आता जिवंत असं कुणी उरलं नाही, याची खात्री करून दौलूने दाराला कडी लावली.

बाहेर पायऱ्यांवर शंभर माणसं उभी. समीक्षक तरातरा रिक्षात बसून निघूनही गेले. सुभेदारांच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तीन म्हैनं झालं. मी सरळ इचारतो. मुलगा काय करतो?"

मॅडमनी तोंड उघडलं. पाचट आठवलं, मास्तर आठवले, ती जलरंगातली बाई आठवली. त्यांनी तोंड मिटलं.

"झालं तर मग. हौसा, चल. कंपाउंडरला निरोप धाडू."

हौसा हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आबा, उत्तर माज्याकडं हाय. एका वाक्यात हाय. मुलगा सांगितलेलं करतो."

 चित्रकाराच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. फुलवालीने फुलवाल्याकडे बघितलं. मॅडमनी एक मोठा उसासा सोडला. आणि सगळ्या बायका हौसाकडे अशा बघू लागल्या, जणू या पोरीच्या हाती घबाड लागलंय.

"सांगितलेलं करतो?" सुभेदारांनी हळू आवाजात विचारलं.

"अक्षर न् अक्षर. तुमच्या नाकाला इचारा."

सुभेदारांनी नाकाला हात लावला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हुकूम सोडले होते आणि जवानांनी ते कामचलाऊ पाळले होते. असा एक जरी मिळाला असता! त्यांच्या ओल्या मिशा थरथरल्या. त्यांनी वळून दारावर थाप मारली.

"जावईबापू! दार उघडा! पोरगी दिली तुमास्नी!"

आतून आवाज आला, "चुकलो. हे माझं काम नव्हे."

"आवो, पोरगी दिली म्हंतोय मी!"

"चुकलो. हे..."

हौसाने वडिलांना बाजूला केलं आणि दाराला तोंड लावलं. "अवो, ती वही मिटा. मिटली? आता कडी काढा. दार उघडा. भाईर या."

वही मिटल्याचा आवाज आला. कडी निघाली. दार उघडलं. दौलू बाहेर आला आणि हौसाकडे बघून उभा राहिला. तीन महिने छातीत जे दुखत होतं ते थांबलं, हे त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं.

मॅडमनी दौलूकडे बघितलं, हौसाकडे बघितलं, आणि तिथल्या तिथे हौसाला विचारलं, "मुली, माझं कलादालन सांभाळशील का गं?"

करिअर असं सापडलं. ज्याला शोधायला पाठवलं होतं त्याला नाही, पण घरातल्याच माणसाला सापडलं. हौसा सांगणार, दौलू करणार, असं ठरलं. हौसा सांगायची तेही कसं: "ते भिंतीवरचं, पिवळ्या फ्रेमचं, उजव्या हातानं, हळू." दौलूने त्यानंतर एक चित्र वाकडं टांगलं नाही.

लग्नाचा दिवस आला. हौसाने आधीच ताकीद दिली होती. "वही आणायची न्हाई. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाई. मी कानात सांगीन तेवढंच करायचं." दौलूने मान डोलावली. आणि खरोखर सगळं सुरळीत चाललं. अक्षता पडल्या, हार घातले, मंगळसूत्र बांधलं, तेही हौसाच्याच गळ्यात. काजरवाडीकर जरा हिरमुसलेच. काहीतरी बघायला मिळेल म्हणून पाच-पाच मैलांवरून माणसं आली होती.

सप्तपदीची वेळ झाली. होमाचा धूर डोळ्यांत जात होता. भटजींनी पोथीत डोकं घातलं. एका बाजूला हौसा, दुसऱ्या बाजूला सुभेदार, मध्ये दौलू. धुराने ठसका लागला म्हणून हौसाने पदर तोंडावर घेतला आणि घाईत एवढंच सांगितलं:

"आता हात धरा आन् चला. सात पावलं होईस्तवर सोडू नगा."

दौलूने हात धरला. गच्च धरला. आणि चालू लागला.

भटजी मंत्र म्हणत होते, पोथीतून डोकं वर काढत नव्हते. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. "आवो जावईबापू, सोडा की!" असा कुणाचा तरी दबका आवाज धुरातून येत होता, पण तो हौसाचा नव्हता. तिसरं, चौथं, पाचवं. वाजंत्रीवाल्यांना हसू आवरेना, सनई बंद पडली. सहावं. सातवं.

भटजींनी पोथी मिटली, उपरण्याने डोळे पुसले आणि मोठ्याने सांगितलं, "सात पावलं पूर्ण झाली. शास्त्राप्रमाणे विवाह संपन्न झाला. आता तो कुणालाही मोडता येणार नाही."

धूर विरला. होमाशेजारी दौलू उभा होता. त्याच्या हातात हात घालून सुभेदार उभे होते. मिशांना घाम, कपाळाला अक्षता.

 हौसाने पदर तोंडावरून काढला, दोघांकडे एकदा नीट बघितलं आणि वडिलांना विचारलं:

"आबा, मग नांदायला तुमी जाणार का मी?"